वाटीभर द्राक्षासव

विलास गावंडे जिना मोजून चढायचा. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंत चौतीस पायऱ्या आहेत, हे मला त्याच्याकडून कळलं, आणि मी तिथे बावीस वर्षं राहत होतो, वर सोसायटीचा सेक्रेटरीही होतो. सतरा पायऱ्या झाल्या की तो मधल्या वळणावर थांबायचा. डाव्या हातातली लांब काळी छत्री भिंतीला टेकवायची, उजव्या हाताने कठडा धरायचा आणि सोसायटीचा फळा वाचत उभं राहायचं. मग उरलेल्या सतरा. शेवटच्या पायरीवर तो स्वतःशीच 'झालं' म्हणायचा. त्याच्या समोरचंच दार आमचं, त्यामुळे ते मला घरात ऐकू यायचं.

दोन हजार साल उजाडायच्या आधीची ती वर्षं. पेठेतली मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली होती आणि त्यांच्या रिकाम्या ब्लॉकांत अकोला-अमरावतीकडची मुलं कॉम्प्युटरच्याच नोकऱ्यांसाठी येत होती. समोरच्या मालकांनी किल्ली माझ्याकडे ठेवली होती, म्हणून भाडेकरू मीच निवडला. गावंडे दर्यापूरचा, तिशीच्या आतला, उंच, सावळा, बोलायला सावकाश. नवं शतक लागलं की जगातले जुने कॉम्प्युटर साल चुकीचं धरतील, अशी तेव्हा भीती होती. त्यासाठी केलेल्या दुरुस्त्या तपासायचं त्याचं काम. दुसऱ्याच्या चुका शोधायचा पगार मिळतो, हे ऐकून मला त्याचा हेवा वाटला. मी तेच काम आयुष्यभर फुकट केलं.

माझं सांगायचं तर एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो होतो. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष होतो आणि दर रविवारी येरवड्याच्या वस्त्यांमध्ये जाऊन दारूवर भाषण द्यायचो. मत बनवायला मला फार सामग्री लागत नसे. गावंडेबद्दल महिन्याभरात बनलं. संध्याकाळी तो कामावरून आला की पाय घसटत यायचा, कठड्याला लोंबायचा, एखाद्या दिवशी जीभही जड असायची. मी फळ्यावर लिहिलं:

'मद्यप्राशन करून जिना चढू नये. कठडा आधारासाठी आहे, लोंबकळण्यासाठी नाही. – सेक्रेटरी.'

इमारतीत त्याचं फार कौतुक झालं. तळमजल्यावरच्या बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

चार दिवसांनी गावंडेने दार वाजवलं. आत आला, खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू बसला आणि म्हणाला, "काका, फळा तुम्हीच लिहिता ना? अक्षर लय सुंदर आहे. मी रोज थांबून वाचतो. तेवढ्यात माझे पाय परत येतात."

मग त्याने आजाराचं नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या तारांवरचं वेष्टन खराब होतं आणि निरोप नीट पोचत नाही, असं त्याने मलाच शाळेतल्या पोरासारखं समजावलं. ऊन लागलं, दमलं, ताप आला, की पाय जातात. विसावा घेतला की परत येतात. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण आजारी माणसाला मोठं काम कोणी देत नाही. काठी घेतली तर लोक विचारतील, म्हणून छत्री. पुण्यात कोणी बारा महिने छत्री घेऊन फिरला तर त्याला कारण विचारत नाहीत, हे त्याने इथे येऊन आठ दिवसांत हेरलं होतं.

दारूचं म्हणाल तर, असं म्हणून त्याने एक किस्सा सांगितला. आजाराचं निदान व्हायच्या आधी अमरावतीला मित्राच्या लग्नात त्याने बीअरचा एक ग्लास घेतला होता. इतर पोरं चार-चार घेऊन वरातीत नाचत होती आणि हा एका ग्लासात खुर्चीवरून उठेना. दोघांनी उचलून नेलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दारूने हा आजार होत नाही, पण ज्याचा तोल मुळातच कमी, त्याचा थोडक्यातही जातो. शिवाय पाय ताठरतात म्हणून तो ज्या गोळ्या घ्यायचा, त्यांच्याबरोबर दारू म्हणजे दुप्पट. तेव्हापासून थेंब नाही. मी त्याची पाठ थोपटली. त्याच संध्याकाळी खाली जाऊन फळा पुसला, पण माफी मागितली नाही. फळा पुसणं हीच आमच्यात माफी समजतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर तो आमच्या घरचा झाला. आमच्या हिच्या हातची आमटी त्याला गोड लागायची, तसं तो सांगायचाही, आणि मग घरून आलेली ठेच्याची बाटली खिशातून काढायचा. खाऊन-पिऊन झालं की वाटी, पेला, कप, जे असेल ते पालथं घालून ठेवायचा. दर्यापूरला धूळ फार, म्हणायचा. त्या आजारात लघवीची घाई होते, म्हणून शनिवार पेठेपासून ऑफिसपर्यंतची सगळी स्वच्छतागृहं त्याला पाठ होती. कुठलं किती वाजता कुलूपबंद असतं, कुठे पाणी असतं, सगळं. माझ्या वयामुळे ती विद्या मलाही हवीच होती. त्याने मला यादी छापून दिली. ती यादी मी अजून वापरतो, आणि वापरताना दर वेळी मान खाली जाते.

त्याच्या दारामागे हिरव्या पट्ट्यांचा कॉम्प्युटरचा कागद चिकटवलेला असायचा. त्यावर रोजची नोंद. झोप किती, ऊन किती, चहा किती, गोळी कधी, आणि शेवटच्या रकान्यात न थांबता किती पायऱ्या चढल्या. सतरा म्हणजे चांगला दिवस. आकडा घसरला तर तो कारण शोधायचा, पण घाईने नाही. आठ दिवस चहा बंद करून पाही, मग चहा चालू आणि बसऐवजी रिक्षा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "काका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर चूक कोणाची ते समजत नाही."

मी मात्र त्याच्या आयुष्यात एक गोष्ट घुसवायचं ठरवलं होतं.

माझ्या सासुरवाडीला द्राक्षासव घरी घालायची पद्धत आहे. काळ्या मनुका उकळायच्या, गूळ घालायचा, दालचिनी-वेलची वगैरे, आणि धायटीची फुलं. चिनी मातीच्या बरणीत भरून तोंड कापडाने बांधायचं, वरून माती लिंपायची आणि बरणी गव्हाच्या कोठीत महिनाभर पुरून ठेवायची. सासऱ्यांच्या पश्चात ते काम माझ्याकडे आलं. मी गूळ थोडा जास्त घालायचो आणि बरणी दोन महिने ठेवायचो, त्याने गुण वाढतो म्हणून. आमच्या घरात ते भूक लागायला, शक्तीला, बाळंतपणात, सगळ्याला चालायचं. पाय जातात म्हणजे वाताचा विकार, असं मी ठरवलं आणि मग मला दुसरं काही सुचलंच नाही.

पहिल्यांदा चार चमचे दिले. गावंडेने तोंड वाकडं न करता घेतले. "गोड आहे काका. घशात गरम लागते." गरम लागतं म्हणजे लागू पडतं, असं मी म्हणालो. पंधरा दिवसांनी अर्धी वाटी, आणि पुढे रोज संध्याकाळी भरलेली वाटी. वैद्याला विचारलं नाही, त्याच्या डॉक्टरांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. ही एकदा म्हणाली, "त्या मुलाला विचारा तरी, सोसतंय का." मी म्हणालो, औषध सोसण्यासाठीच असतं.

त्याचं थांबणं मला ऐकू येत होतं. सतराव्या पायरीवर थांबणारा माणूस बाराव्या पायरीवर थांबायला लागला, मग नवव्या. आसव घेऊन स्वतःच्या दारापर्यंत जाताना, त्या चार पावलांत, त्याचा हात भिंत शोधायचा. मी वाटी थोडी अधिक भरायला लागलो.

एक दिवस तो फार संकोचून म्हणाला, "काका, आठ दिवस आसव बंद करून पाहू का? नुसतं पाहायला. एकच गोष्ट बदलायची असते ना."

त्याच्या तक्त्यावर काय दिसत असेल ते आज मला कळतं. तेव्हा मला अपमान वाटला. चहा-बीअर आणि आमचं औषध एका रकान्यात बसवतोस का, असं मी विचारलं. त्या दिवसापासून तो वाटी आपल्या घरी नेऊन घेऊ लागला. पुढच्याच आठवड्यात मी गॅलरीतून पाहिलं, तो आसवाची वाटी आपल्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतत होता. ओतून झाल्यावर त्याने वाटी धुतली आणि पालथी घातली. दुसऱ्या दिवसापासून त्याला पुन्हा आमच्या घरात बोलावून, समोर बसवून पाजायला लागलो. शाळेत खडू खाणाऱ्या पोरांवर नजर ठेवायचो तशी नजर ठेवली. मोठ्यांसमोर नाही म्हणायचं नाही, हे त्याच्या घरचं वळण होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

मग तो दिवस आला. परदेशातले लोक ऑफिसात येणार होते आणि त्यांच्यासमोर गावंडेने दुपारी चार वाजता काम समजावून सांगायचं होतं. ते जमलं तर नवी मोठी तुकडी त्याच्या हाताखाली येणार होती. दोन वर्षं त्याने त्याचीच वाट पाहिली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दुपारी दोन वाजता, तो नमस्कार करायला आला. सकाळपासून झोपून पाय राखले होते, गोळी वेळेवर घेतली होती, खाली रिक्षा उभी होती. मी आत जाऊन वाटी भरून आणली.

"आज राहू द्या काका," तो म्हणाला. "आज नको."

"आजच तर हवं. मोठ्या माणसाने हाताने दिलेलं नाकारू नये."

त्याने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पिऊन टाकलं. रुमालाने ओठ पुसले, वाटी पालथी घातली, छत्री उचलली. जिना उतरताना तो पाचव्या पायरीवर थांबला. मी दारात उभा राहून ते ऐकलं आणि आत आलो.

पाच वाजता ऑफिसच्या गाडीतून दोघांनी त्याला वर आणलं. बोलताना जीभ अडखळायला लागली होती, आणि फळ्याकडे वळताना तो सगळ्यांसमोर खाली पडला. उचलायला जे वाकले त्यांना तोंडाचा वास आला. दुपारी चार वाजता, पाहुण्यांसमोर. त्या दोघांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, हे रोजचं आहे का?" मी म्हणालो, छे, तो घेत नाही. माझ्या हातात तेव्हासुद्धा घासलेली वाटी होती.

त्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो, आसवाची बाटली पिशवीत घेऊन. मला वाटत होतं, एका अभ्यासू माणसाने दुसऱ्याला दाखवावं. डॉक्टरांनी बूच काढलं, वास घेतला, पुन्हा घेतला. किती देता विचारलं, मी वाटी दाखवली.

"आपण शाळेत काय शिकवायचात, सर?"

"रसायनशास्त्र."

त्यांनी बूच लावलं आणि बाटली माझ्यापुढे सरकवली. "मग मी काय सांगू?"

गूळ, मनुका, धायटीची फुलं, बंद बरणी, दोन महिने. साखरेचं किण्वन होऊन अल्कोहोल तयार होतं, हे मी दर वर्षी दहावीला फळ्यावर समीकरणासह लिहिलं होतं. त्या मुलांना मी प्रश्न विचारायचो की बरणीचं तोंड बंद का ठेवतात. माझ्या कोठीतल्या बरणीला मात्र ते समीकरण लागू पडेल, असं मला कधी वाटलं नाही, कारण ती आमच्या घरातली बरणी होती. डॉक्टर पुढे गावंडेशी बोलत राहिले. कायमचं नुकसान बहुधा झालेलं नाही, वाटी बंद केली की तोल पूर्वीसारखा होईल, गोळ्यांबरोबर तर हे मुळीच नको होतं. गावंडे मान हलवत होता. त्याला यातलं काही नवीन नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं. परत येताना रिक्षात तो एवढंच म्हणाला, "तुम्हाले वाईट वाटू देऊ नका काका. तुम्ही चांगल्यासाठीच देत होते."

ऑफिसात त्याने आजाराचे कागद दिले. साहेब म्हणाले, पडण्याचं कळलं, वासाचं काय? कोणा जबाबदार माणसाने लिहून दिलं की ते औषध होतं आणि त्याने स्वतः दिलं होतं, तर विषय मिटेल. गावंडे माझ्याकडे आला. त्या दोन वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. त्याला वाक्यही एकच हवं होतं: त्या दिवशी दुपारी दोन वाजता गावंडे यांना मी आमच्या घरी केलेलं द्राक्षासव वाटीभर, माझ्या आग्रहाने, पाजलं.

मी मंडळाचा कागद घेऊन बसलो. वर छापलेलं होतं, 'दारू सोडा, संसार जोडा', आणि खाली अध्यक्ष म्हणून माझं नाव. पुढच्याच रविवारी येरवड्यात मंडळाचा वार्षिक कार्यक्रम होता, त्यात माझा सत्कार ठरला होता. मी लिहिलं की श्री. विलास गावंडे माझ्या शेजारी दोन वर्षं राहतात, ते अत्यंत सुशील, कष्टाळू, निर्व्यसनी, वडीलधाऱ्यांचा मान राखणारे तरुण आहेत. एक पान भरलं. ते वाक्य लिहिलं नाही. त्याला म्हणालो, आसवाचं लिहिलं तर लोक उगाच भलता अर्थ काढतील, त्यापेक्षा हे भारदस्त आहे.

त्याने कागद वाचला. चुका शोधणारा माणूस होता तो, काय गाळलंय हे त्याला एका नजरेत कळलं असणार. घडी घालून खिशात ठेवला.

"हाव काका. चालते."

हिने आदल्या रात्रीच माझ्या टेबलावर तो कागद वाचला होता. गावंडे गेल्यावर म्हणाली, "अक्षर छान आलंय." मग चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

चालणार नव्हतंच. महिनाभरात त्याला राजीनामा द्यायला सांगितलं. निघायच्या दिवशी तो सकाळी दहा वाजता जिना उतरला. पुन्हा सतरा पायऱ्या न थांबता. मधल्या वळणावर थांबला, फळा वाचला. पाण्याची वेळ बदलल्याची सूचना होती. मला वाटतं, ती त्याने दोनदा वाचली. खाली रिक्षापाशी माझ्या पाया पडायला वाकला आणि त्याला उठता येईना, तेव्हा मी दोन्ही हातांनी धरून उठवलं. त्या वेळी आम्ही अगदी समोरासमोर होतो. बोलता आलं असतं.

त्यानंतर मी आसव घातलं नाही. मंडळाचं अध्यक्षपद प्रकृतीचं कारण सांगून सोडलं. खरं कारण तिथेही सांगितलं नाही.

आठ-नऊ वर्षांनी एका रविवारी दुपारी मी आणि ही खडकवासल्याला गेलो होतो. ही पाण्याकडे तोंड करून कट्ट्यावर बसली आणि मी कणसं आणायला गेलो. गाडीच्या पलीकडे पाच-सहा जण होते, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, आणि मधे चाकाच्या खुर्चीत एक माणूस. मांडीवर आडवी काळी छत्री. केस पांढरे होऊ लागले होते. एका पोराने पिशवीतून बीअरचा डबा काढून त्याच्यापुढे धरला, तसा तो हसून म्हणाला, नको, माझे पाय फार चहाडखोर आहेत. त्याने चहा मागवला.

मी कणसाच्या गाडीच्या मागे झालो.

एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही आधी पण पुण्यात होतात ना? शनिवार पेठेत? मग पुणेकरांनी छळलं असेल."

"फळ्यावर लिहून छळलं," तो म्हणाला. सगळे हसले. "पण समोर एक काका होते, रिटायर्ड मास्तर. लय जीव लावला त्यांनी. माझ्यासाठी स्वतः घरी औषध बनवायचे, रोज. असा माणूस भेटत नाही."

"मग ती नोकरी का सोडली?"

"ऊन लागलं एक दिवस," तो म्हणाला. "मीटिंगमध्ये पडलो. माझंच चुकलं, सांभाळायला पाहिजे होतं."

एक पानभर प्रशस्तिपत्र आणि त्यात तेवढं एक वाक्य गाळलेलं. मी ते माझ्यासाठी गाळलं होतं. त्यानेही माझ्यासाठीच गाळलं.

मधे फक्त कोळशाची शेगडी होती. चार पावलं टाकून मी म्हणू शकलो असतो की नाही, ऊन नव्हतं. मी कणसाला लिंबू चोळत उभा राहिलो. त्याने चहा संपवला, रिकामा ग्लास गाडीच्या कडेला पालथा ठेवला, आणि त्या मुलांनी खुर्ची वळवून रस्त्याकडे नेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी हललो नाही.

कट्ट्यावर आलो तेव्हा कणसं गार झाली होती. हिने विचारलं, एवढा वेळ कोणाशी बोलत होता. मी म्हणालो, कोणाशी नाही, ओळखीचं कोणी नव्हतं.